कोर्टाची मेंढी

बानूबाईच्या दावणीला बांधलेली मेंढी घरची नव्हती, कोर्टाची होती. ती विकायची नाही, कापायची नाही, कुणाला द्यायची नाही आणि बोलावणं आलं की जितीजागती हजर करायची, असं लिहून देऊन बानूबाईच्या लेकानं, हनुमंतानं, खाली सही ठोकली होती. मध्येच मेली तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणायचा. हनुमंताच्या बापानं, म्हस्कूनं, हे ऐकलं तेव्हा त्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"माझ्या म्हातारपनाबद्दल येवढं कुनी लिहून दिल्यालं न्हाई," तो म्हणाला.

मेंढी दावणीला आली त्याला आता दोन महिने होत आले होते. निमोण्याच्या शिवारात कांदा काढणीला आला होता. सकाळची न्याहारी होते न होते तोच ऊन पाठीला चिकटायचं, आणि मेंढी अंगावरच्या लोकरीत उकडून निघायची. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलणाऱ्या. म्हस्कूनं कातर दगडावर घासून तयार ठेवली होती. पण हनुमंतानं ठाण्यात फोन करून विचारलं तर हवालदार म्हणाला, हाय तशी ठेवा, मुद्देमालाची ओळख बदलायला नको.

"मुद्देमाल म्हंजी?" बानूबाईनं विचारलं.

"म्हंजी गुन्ह्यातला माल. पुरावा."

"तिनं काय गुन्हा केलाय?"

"आये, ज्यातलं तुला कळत न्हाई त्यात बोलू नगंस," हनुमंत म्हणाला आणि गाडीला किक मारून रांजणगावच्या कंपनीत ड्युटीवर गेला. तिथं तो ठेकेदाराच्या हाताखाली होता, आणि यंदा कायम करतील या आशेवर केसाला तेल लावून जात होता.

सुनेनं, रुपालीनं, मेंढीचं नाव साहेबीण ठेवलं होतं. "मामा, साहेबिनीला पंखा लावा," ती सासऱ्याला म्हणायची. "घामाघूम झाल्या बघा. वर तक्रार गेली तर आपलीच बदली व्हायची."

म्हस्कू खोकत खोकत हसायचा. बानूबाईला हसू येत नव्हतं. दोन महिने तिचं बूड एका जागी टेकलं नव्हतं. भाकरी टाकता टाकता उठून ती मेंढीला पाणी दाखवून यायची, परत येईतो तव्यावरची करपलेली असायची. मग रुपाली करपलेली भाकरी उलथ्यावर उचलून, न बोलता, कुत्र्याकडं फेकायची.

झालं होतं ते असं. म्हस्कूच्या बापाच्या काळात त्यांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट सगळा तांडा, मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचा. पुढं जमिनीला पाणी आलं, पोरांना शाळा आली, मेंढरं सरली. तरी म्हस्कूच्या हाताला चाळा म्हणून पाच मेंढ्या राहिल्या होत्या. माघात सगळं घर लग्नाला गेलं, आणि भरदिवसा कुणीतरी गाडी लावून पाचही मेंढ्या भरून नेल्या. मागं राहिलं एक कोकरू. जेमतेम आठवड्याचं होतं, म्हणून घरात डालग्याखाली झाकून ठेवलेलं, ते चोरांना दिसलं नाही. बानूबाईनं त्याला बाटलीनं गाईचं दूध पाजलं. ते त्याला बाधलं. हगवणीनं मागचं अंग सारखं भरायचं, मान खाली पडायची.

अशात दौंडच्या बाजूनं फोन आला. खुटबावजवळ नाकाबंदीत एक पिकअप धरलाय, त्यात एक मेंढी आहे, ओळखायला या. बानूबाईनं कोकरू पदरात घेतलं, कारण ते कुणावर टाकून जाण्यासारखं नव्हतं, आणि हनुमंताच्या मागं गाडीवर बसून ती न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून त्या ठाण्यात गेली.

हनुमंत आत कागदांपाशी थांबला. ठाण्यामागं जप्त केलेल्या मोटारसायकलींची रांग होती. पलीकडं बाभळीला मेंढी बांधलेली. बानूबाईनं लांबूनच पाहिलं आणि तिला कळलं, ही आपली नव्हे. आपल्या सगळ्या मेंढ्यांच्या डाव्या कानाचं टोक छाटलेलं होतं, हिच्या डाव्या कानाला नुसती चीर. चाल वेगळी, तोंडवळा वेगळा. पण हिची कास दगडासारखी तटतटली होती आणि सडांतून आपोआप ठिबकत होतं.

"बघा मावशी, नीट बघा," हवालदार म्हणाला. "डावा कान कापलेला. तुमच्या फिर्यादीत हाय तस्साच."

पदरातलं कोकरू ओरडलं. बाभळीखालनं मेंढी ओरडली.

"घ्या! अजून काय पायजे? पाजा बरं, पाजा."

बानूबाईनं पुढं काय केलं ते तिनं ठरवून केलं नाही, तिच्या हातांनी केलं. आई मेलेलं कोकरू आणि कोकरू मेलेली मेंढी एकमेकांना लावायची एक रीत असते. ती तिनं आईकडं पाहिली होती, आजीकडं पाहिली होती. तिनं पहिली धार कोकराच्या पाठीवर आणि शेपटीखाली पिळली, ओला हात मेंढीच्या नाकपुड्यांना चोळला, गुडघा मानेला टेकवून तिला धरली. मेंढीनं हुंगलं, फुरफुरली, एक लाथ झाडली. पुन्हा हुंगलं. मग तिनं पाय फाकवले आणि पान्हा सोडला. कोकराची शेपटी थरथर हलायला लागली.

तेव्हा हवालदारानं मोबाईल काढला. धार, चोळलेला हात, मानेवरचा गुडघा हे सगळं त्याआधी उरकलं होतं. मोबाईलमध्ये आलं ते एवढंच: पोलीस ठाणं, मेंढी, आणि तिला लुचणारं कोकरू. कुणीतरी त्याला मागं रडकं गाणं लावलं, वर लाल बदाम चिकटवले, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत शिरूर-दौंडच्या घराघरांत फिरली. शेजारची कुशाबाई डोळे पुसत दाखवायला आली. "बाने, मुक्या जीवानं साक्ष दिली गं!" कंपनीतल्या साहेबानं हनुमंताच्या खांद्यावर हात ठेवला.

माझी आहे, असं बानूबाई बोलली नव्हती. माझी नाही, असंही बोलली नव्हती. ती कोकराकडं बघत उभी राहिली होती, आणि हनुमंतानं सही केली होती.

गाडी चालवणारं पोरगं खुटबावचं होतं, इम्तियाज नावाचं. मेंढी बाजाराच्या गेटाबाहेर विकत घेतली असं ते सांगत होतं. गेटाच्या आत घेतली तर पावती फाडावी लागते, म्हणून सगळेच बाहेरच्या बाहेर व्यवहार उरकतात, आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. पण पावती नाही म्हणजे नाही, आणि इकडं मेंढीनं तर साक्ष दिलेली. पोरगं येरवड्यात जाऊन बसलं.

काढणीला मजुरांची टोळी दौंडकडनं टेंपोनं यायची. बायका वाफ्यात ओळीनं बसायच्या, पात मुठीत धरून विळीनं कचाकच कापायच्या. त्या दिवशी ओळीच्या टोकाला एक नवी बाई होती. कांद्याच्या धंद्यातली दिसत नव्हती. बोटाला दोनदा विळी लागली, तिनं चिंधी गुंडाळली आणि मान वर न करता कापत राहिली. मान वर केली की तिची नजर बांधावरच्या लिंबाखाली जायची. तिथं मेंढी बांधलेली होती.

"नवी का गं?" बानूबाईनं पाण्याची कळशी पुढं केली.

"व्हय आक्का."

"बोट दाव."

"न्हाई, चांगलं हाय."

जेवायच्या सुट्टीला बायका झाडाखाली फडकी सोडून बसल्या. ही बाई भाकर हातात घेऊन उठली आणि मेंढीपाशी जाऊन बसली. कोकरू आता चांगलं गुबगुबीत झालं होतं, आईच्या पोटाला ढुशा देत होतं. बानूबाई तिच्यामागं गेली. जायचं नाही असं ठरवूनही गेली.

"मेंढरं हायती का घरी?"

"न्हाईत." बाईनं भाकरीचा तुकडा मेंढीपुढं धरला. मेंढीनं तो घेतला. "आक्का, म्या मेहरुन. खुटबावची. इम्तियाज माझा ल्योक."

बानूबाईचा हात कमरेवर गेला, तिथून पदराला, तिथून परत कमरेला.

"वकील म्हनला, फिर्यादीच्या दारात पाय ठेवू नका, साक्षीदार फोडला म्हनतील. म्हनून टोळीतनं आले. म्या काय मागाय आले न्हाई. सोडवा म्हनाय आले न्हाई." तिचा आवाज चढला, तिनं मागं वळून बायकांकडं पाहिलं आणि तो खाली आणला. "तेवढा व्हिडिओ म्या बी बघितला. रडले बी. आन् दार लावून भिताडाला डोकं टेकलं आन् मनात म्हनले, चोरच हाय माझं पोरगं. त्याच्या बाची डोळ्याच्या आपरेशनची पट्टी सुटली न्हवती, म्हनून त्या दिशी त्यो गाडी घेऊन गेल्याला. वाटंतनं फोन केल्ता. अम्मा, एक मेंढी घेतलीया सस्त्यात, तिचं कोकरू मेलंय, लई वरडती, ऐकवत न्हाई. आसं म्हनला. तवा मला खरं वाटलं. व्हिडिओ बघून खोटं वाटलं. आता भेटाय गेले तर काचंच्या पलीकडनं इचारतो, अम्मा, तुला तरी पटतंय न्हवं? मी म्हनते पटतंय. त्याला कळतंय, मला पटत न्हाई ते."

मेंढीनं आणखी तुकड्यासाठी तिच्या हाताला तोंड लावलं.

"मला फकस्त कळू द्या. तुमची हाय का ही? हाय म्हना, म्या जाते. पुन्ना येनार न्हाई. पोरगं चोर हाय येवढं धरून चालीन."

बानूबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात टोळीचा मुकादम ओरडला, "चला गं, उरका, टेंपो भराय येतोय!" बानूबाईनं कळशी उचलली, ती रिकामी होती तरी उचलली, आणि विहिरीकडं चालायला लागली. मागं वळली नाही. संध्याकाळी टेंपो गेल्यावर मेहरुनच्या जागी कापलेल्या कांद्यांचा लहानसा ढीग होता, इतर बायकांच्या निम्मा.

जेवणं व्हायच्या आत बानूबाईनं घरात सांगून टाकलं. रुपाली पिठाचा हात तसाच धरून राहिली. हनुमंत बूट काढत होता, एक काढला आणि एक पायातच राहिला.

"आपली न्हाई म्हंजी? दूध पिलं की कोकरू!"

"म्या लावलं त्याला."

"लावलं म्हंजी?"

"आरं, तुझ्या आजीनं तशी शंभर लावल्यात," म्हस्कू बाजेवरनं म्हणाला. त्याला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"आबा, तुमाला ठावं हुतं?"

"कान बघितला की. दावणीला आली त्याच दिशी."

"आन् गप बसला?"

"तुझी आय बोलंना, म्हनून म्या बी बोललो न्हाई. म्हनलं, तिच्या मनात काय आसंल."

हनुमंत उठून येरझाऱ्या घालायला लागला, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. "सही माझी हाय. माझी! आता फिरलो तर खोटी फिर्याद दिली म्हनून मलाच आत घालत्याल. कंपनीचं पोलीस व्हेरिफिकेशन चालू हाय आये, म्हैनाभरात परमनंटचं लेटर येतंय. आन् तू कुनाच्या पोरासाठी..."

"कुनाच्या तरी."

"आपल्या पाच मेंढ्या गेल्या त्याचं काय? त्या कोन आनून देनार, ती बाई?"

"त्या गेल्या. ही त्यातली न्हाई."

"गप ऱ्हा तू. तारखंला म्या बोलंन. तू तोंड उघडायचं न्हाई."

रुपालीनं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. "आदी दुसरा बूट काढा," ती म्हणाली. "सगळं घर वाजतंय."

तारीख लागली ती या मेंढीपायीच. इम्तियाजच्या बापानं, बाबुलालनं, मेंढी माझी आहे, मला द्या, असा अर्ज केला होता. पोराचा जामिनाचा अर्जही त्याच दिवशी होता. मेंढीसकट हजर राहा, असा निरोप आला. मेंढी भाड्याच्या टेंपोत घालून मायलेक शिरूरला निघाले. कोकरू म्हस्कूपाशी राहिलं. टेंपो वेशीबाहेर पडेपर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

कोर्टाच्या आवारात मेंढी उतरवली तशी माणसं जमली. "तीच का ओ? मोबाईलमधली?" दोन कॉलेजच्या पोरींनी तिच्याबरोबर फोटो काढला. मेंढीनं पायरीशेजारी लेंड्या टाकल्या. शिपाई बानूबाईवर खेकसला आणि तिनं त्या पदरानं गोळा केल्या, टाकायच्या कुठं ते कळेना म्हणून मुठीतच ठेवल्या. कडुनिंबाखाली मेहरुन उभी होती. शेजारी काळा चष्मा लावलेला बाबुलाल. मेहरुननं आणि बानूबाईनं एकमेकींकडं पाहिलं नाही.

पुकारा झाला. मेंढी टेंपोवाल्याच्या हवाली करून मायलेक आत गेले. आत पंखा होता, तरी बानूबाईच्या पाठीवरनं घाम ओघळत होता. न्यायाधीश बाई होत्या, हनुमंताच्या वयाच्या. सरकारी वकिलानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चित्रफीत पाहिली, आवाज बंद करून परत एकदा पाहिली.

"फिर्यादी कोण?"

हनुमंत पुढं झाला. "मी, मॅडम. मेंढी आमचीच..."

"आमची न्हाई," बानूबाई मागनं म्हणाली.

"आये!"

"शांत राहा," पोलिसानं हनुमंताचा दंड धरला.

"पुढं या, आजी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "काय म्हणालात?"

"कोकरू माझं हाय. मेंढी न्हाई." आणि मग जे हातांनी केलं होतं ते तिनं तोंडानं सांगितलं. धार, शेपटी, नाकपुड्या, गुडघा. सांगताना तिचे हात हलत होते, मुठीत लेंड्या तशाच होत्या. टायपिंग करणारा मध्येच थांबला आणि "पाठीवर काय?" असं विचारून पुन्हा सुरू झाला. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"कोकरू पीत हुतं," बानूबाई म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी मोबाईल सरकारी वकिलाकडं सरकवला. मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "दोन महिने एक मुलगा तुरुंगात आहे. कल्पना आहे तुम्हाला?"

त्याची आई माझ्या रानात बोटं कापून घेऊन गेली, हे बानूबाईच्या ओठांवर आलं होतं. वकिलानं मेहरुनला काय बजावलं होतं ते आठवलं आणि तिनं ते गिळलं. "हाय," ती म्हणाली.

"सही कुणाची आहे यावर?"

"माझ्या ल्येकाची. पर मी त्येला काय सांगितलंच न्हवतं. त्यो कंपनीत आसतो. त्येला मेंढरातलं काय कळतंय?"

हनुमंतानं मान खाली घातली. कान लाल झाले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

पुढं बरंच इंग्रजी-मराठी बोलणं झालं. बानूबाईला कळलं ते इतकं: पोराला जामीन, मेंढी बाबुलालच्या ताब्यात, आणि फिर्यादीच्या जबाबाबाबत काय करायचं ते पुढच्या तारखेला. तिनं अंगठा नाही, सही केली. बा काढला, नू काढला, बाईला वेळ लागला.

बाहेर आल्यावर हनुमंत तिच्याशी बोलला नाही. तो भिंतीकडं तोंड करून फोनवर कुणाला तरी "न्हाई साहेब, घरची अडचन हाय जरा, उद्या येतो" असं सांगत होता. बानूबाईनं नळावर हात धुतले.

बाबुलालनं भाड्यानं आणलेल्या पिकअपचं फळकं खाली सोडलं होतं. मेहरुननं दावं धरून ओढलं. मेंढीनं चारी पाय रोवले आणि बानूबाईकडं तोंड करून ओरडायला लागली. मेहरुननं आणखी ओढलं. मेंढी गुडघ्यावर आली, पण पुढं सरकेना. बघे पुन्हा जमायला लागले. बाबुलाल काळ्या चष्म्यातून अंदाजानं हात पुढं करत होता आणि तो मेंढीऐवजी हवेत फिरत होता.

बानूबाई गेली. एक हात छातीखालून, एक मागच्या मांड्यांखालून घालून तिनं मेंढी उचलली, लोकरीसकट, आणि फळक्यावर ठेवली. तिच्या अंगाला उकाड्याचा वास येत होता. "घरी गेल्या गेल्या कातरून घ्या तिला," ती म्हणाली. "लई सोसलंय तिनं."

मेहरुननं मान हलवली. तिचं बोट अजून चिंधीत होतं. उपकार झाले असं काही ती बोलली नाही, आणि बानूबाईला ते बरं वाटलं.

"आज सुटंल का त्यो?"

"कागद पोचायला पायजे जेलात. वकील म्हनतो उद्या." मेहरुन फळक्याची साखळी लावायला वाकली आणि थांबली. मेंढीच्या कासेतून ठिपके पडत होते, पत्र्यावर टप टप वाजत होते. "तिचं... ते बारकं? त्ये काय पिनार आता?"

"पाला कुरतडाय लागलंय."

"कुरतडतंय, पर पोट भरतंय का?"

बानूबाईनं पत्र्यावरच्या दुधावरनं बोट फिरवलं.

मेहरुननं पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, पाणी मातीत ओतून दिलं, बाटली झटकली आणि बानूबाईपुढं धरली. "काढा."

बानूबाईनं फळक्याला पोट टेकवलं आणि कासेखाली बाटलीचं तोंड धरलं. पहिली धार बाहेर गेली, दुसरी आत. मेंढीनं लाथ झाडली, बाटली कलंडता कलंडता वाचली. तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि त्यानं मेंढीची मान धरली. हनुमंत होता. कुणाकडं न पाहता, तोंड आवळून, मान धरून उभा राहिला.

"कशी धरलीस?" बानूबाई म्हणाली. "गुडघा लाव."

त्यानं चाकावर पाय देऊन गुडघा लावला.

फाटकावरचा पोलीस काठी आपटत आला. "ओ, गाडी काढा! साहेबांची गाडी यायचीय. कोर्ट हाय का गोठा?"

"थांबा की जरा दादा," मेहरुन म्हणाली. "आजून एक सड ऱ्हायलाय."